मधल्या दाराची कडी

जिजी, उद्या रविवार. उद्या चर्चमध्ये तुझ्या स्मरणाच्या उपासनेत, मंडळीपुढे, तुझ्याविषयी साक्ष द्यायला मला उभं राहायचंय. तू असतीस तर मी आपल्या दोघींच्या मधल्या भिंतीवर उलथनं वाजवलं असतं, तू पदराला हात पुसत आली असतीस आणि मी विचारलं असतं, काय बोलू गं? तू म्हणाली असतीस, "पहिले जेव, मंग बोल." तुझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर तेच असायचं. आज मी जेवलेसुद्धा नाही नीट.

तसं पाहिलं तर साक्ष देणं मला जड नाही. शाळेत मराठी शिकवते, बोलण्यात कुणाला हार जात नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. लग्न होऊन नाशिककडून शहाद्याला आले तेव्हा तुमची अहिराणी ऐकून मी गप्प गप्प असायचे. तू मोठी जाऊ. पहिल्या दिवशी मला म्हणालीस, "तू तुन्ही पुस्तकी बोल, मी मन्ही बोलस. देवले दोन्ही समजस." तेव्हापासून माझं तोंड जे उघडलं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. आता बोलायचं आहे आणि काय बोलावं तेच ठरत नाही.

कारण एस्तेर. तुझी भाची पहिल्या बाकावर बसणार आहे, आणि मागच्या बाकांवर तिच्या सासरचे.

सगळं सुरू झालं तुझ्या दफनाच्या दिवशी. पाळकसाहेब कबरीशी उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या बहिणीला देवाने विनाअट प्रीतीचं कृपादान दिलं होतं. ज्या नवऱ्याने तिला मारलं, टाकलं, दुसरा संसार थाटला, तो आजारी होऊन परत आला तेव्हा तिने त्याला घरात घेतलं. अशी प्रीती आपण सर्वांनी शिकावी. लोक रडले. मीही रडले. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पण माती लोटताना माझं लक्ष एस्तेरकडे गेलं. ती रडत नव्हती. ती पाळकसाहेबांकडे एकटक बघत होती. शाळेत एखादी पोर फळ्यावरचं उतरवून घेताना बघते, तशी.

तुला आठवतं ना ती आली तेव्हाची अवस्था? धडगावकडून, माहेरहून नव्हे, सासरहून आली होती, म्हसावदकडच्या त्या खेड्यातून. डोळ्याखाली काळंनिळं. तू काही विचारलं नाहीस. आमचूर घातलेली उडदाची डाळ पुढे ठेवलीस, भाकरी चुरून दिलीस आणि आत तुझ्या खाटेशेजारी तिची खाट टाकलीस. माहेरी पाठवली तर डोंगरात भाऊ-भावजया दोन दिवस ठेवतील आणि तिसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून परत सासरी, हे तुला ठाऊक होतं. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की मी वर्गातही उगाच हसत होते.

आता परवा तीच एस्तेर माझ्याकडे भांडी घासता घासता म्हणाली, "काकी, फुईनी त्यासले घरमा लिधं ना? मंग मी काब्र जाऊ नही?"

मी म्हटलं, "का म्हणजे? अगं, तुझ्या आत्याचं वेगळं होतं."

"काय येगळं व्हतं?"

मला सांगता येईना. म्हणजे मला माहीत होतं, पण ते तुझं होतं. ते उचलून तिच्या हातात द्यायचा अधिकार मला आहे का, हेच कळेना. मी नळ मोठा सोडला आणि विषय तिथेच राहिला. आणि काल निरोप आला की उपासना झाल्यावर तिचा नवरा सामू, त्याची आई आणि काका तिला न्यायला येणार आहेत. स्मरणाच्या निमित्तानेच, म्हणे. तुझ्यासारख्या बाईच्या आठवणीच्या दिवशी एक घर जुळलं तर त्याहून चांगलं काय. पाळकसाहेबांनाही ते पटलं. वाईट माणूस नाहीत ते. लोकांची घरं जुळावीत असं वाटणारा माणूस आहे, एवढंच.

जिजी, माझ्या जिवाला घोर लागलाय तो हा. तुझी प्रीती जशी त्यांना दिसली तशी मी उद्या सांगितली तर ती पोर परत जाईल. नाही सांगितली तर मी तुझ्याविषयी काय सांगू? तू प्रेम करत नव्हतीस असं सांगू?

आपलं भांडण अर्धवट राहिलं ना, त्याचा आता राग येतो. ते संपवायला हवं होतं.

दादा परत आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तुझा नवरा, माझे थोरले दीर. गुजरातमध्ये ट्रक चालवायला गेले ते तिकडचेच झाले होते. एस.टी. स्टँडवरून चालत आले होते, पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. ओट्यावर बसले आणि घरात कुणी आहे का असंही विचारलं नाही. ह्यांनी, त्यांच्या सख्ख्या भावाने, दार लावून घेतलं. मी खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. तू कामावरून, मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून आलीस, पिशवी खाली ठेवलीस, त्यांच्याकडे पाहिलंस, आत गेलीस आणि तांब्या घेऊन बाहेर आलीस. पाणी. मग भाकरी. मग दवाखाना. पुढच्या खोलीत त्यांची खाट पडली ती आजवर आहे.

मी तुझ्याशी किती दिवस धड बोलले नाही. शेवटी तूच भिंतीवर वाटी वाजवलीस.

आणि मग मला ती कडी ऐकू यायला लागली. तुझी मागची खोली आणि माझं स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत. रोज जेवणं आटोपली, त्यांची गोळी देऊन झाली, की तू तुझ्या पुढच्या-मागच्या खोलीतलं मधलं दार ओढायचीस, जरा वर उचलायचीस, कारण ते दार जमिनीला घासतं, आणि आतून कडी घालायचीस. खट्. मी ओटा पुसत असायचे. तो आवाज झाला की माझाही दिवस संपायचा.

किती दिवस मला वाटत होतं की तुझ्या मनात राग उरलाय आणि तो कडीतून बाहेर पडतोय. एकदा न राहवून विचारलंच. तू शेंगा निवडत बसली होतीस. मी म्हटलं, "क्षमा केलीस ना? मग कडी कशाला? आणि कडी लावायची तर गरम भाकरी कशाला? एक काहीतरी ठरव. हे म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे."

तू हसलीस. म्हणालीस, "मन्हा जोडे कोठे इतली माया शे? बोर्डिंगमा मी भात शिजाडस, पन तांदूय मन्हा शेतस का? रांगमा जो उभा ऱ्हास त्याले वाढनं, इतलंच मन्हं काम."

"आणि कडी?"

"जेवन देवनं शे. कडी मन्ही शे."

जेवण देवाचं आणि कडी तुझी! मी वाद सोडणारी नव्हे. म्हटलं, "देवाला चालते का ती कडी?"

"त्यानी आजून काढाले सांगं नही."

"आणि सांगितलं तर?"

तू शेंगांची टोपली उचललीस. "तव्हय दखसू," म्हणालीस, तेव्हाचं तेव्हा, आणि आत गेलीस. मला वाटलं, उद्या परत विषय काढू. मग काढला, परत काढला, तू दर वेळी टोपली, नाहीतर परात, नाहीतर कुकर उचलून आत. जिजी, तू घाबरत होतीस का गं? इतकी वर्षं रोज संध्याकाळी? का ती भीती केव्हाच गेली होती आणि कडी नुसती आपली जागा राखत होती? हे मला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

आणखी एक तुला सांगते. तुला पुरून आलो त्या संध्याकाळी मी ओटा पुसत उभी राहिले. वाट बघितली. कडी वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी एस्तेरला विचारलं तर म्हणाली, "फुई नही. आते कोनासाठे लावू?" वाऱ्याने ते दार जमिनीवर खरडत असतं. ह्यांना झोप लागते. मला लागत नाही.

मला हेही कळतं की माझ्या काळजीत थोडा स्वार्थ आहे. तुझी माया मलाही मिळाली होती, आणि ती मिळावी असं माझ्यात काही नव्हतं. माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा सगळे येऊन देवाची इच्छा म्हणून गेले. प्रार्थना करून गेले, वचनं सांगून गेले. मी कुणालाही धड उत्तर दिलं नाही, एका म्हातारीला तर हाकलूनच दिलं. तू आलीस आणि माझे केस विंचरायला बसलीस. मी तुलाही वाट्टेल ते बोलले. तू गुंता सोडवत राहिलीस. मी विचारलं, देवाने असं का केलं? तू म्हणालीस, "मलेबी समजत नही वं." एवढंच. तू काही समजावलं असतंस तर मी बहुतेक मंडळी सोडली असती. तुझ्या त्या न समजण्याने मला धरून ठेवलं. हे कृपादान असेल तर पाळकसाहेबांचं बरोबर आहे. पण हे तर मी त्या पोरीला सांगू शकत नाही ना, की असं मिळालं की असंच दे, जा.

आणि कडीचं चारचौघांत सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दादा बसलेले असणार. लोक म्हणतील, मेलेल्या जावेची घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. काय करू?

*

इथवर शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार, शाळा सुटली, वर्गातच बसून लिहितेय.

जिजी, मी सांगितलं.

उभी राहिले. बाकाचा कठडा धरला. बोर्डिंगच्या मुलींना तू जास्तीचा भात कशी वाढायचीस ते सांगितलं, लोक हसले. केस विंचरल्याचं सांगितलं. मग दादांचं आलं. मंडळी आधीच माना डोलवायला लागली होती, त्यांना ती गोष्ट पाठ होती. मी म्हटलं, "तिने त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली, औषध दिलं, शेवटपर्यंत. आणि रोज संध्याकाळी ती आतून कडी लावायची. रोज. मी भिंतीपलीकडून ऐकलंय." मग तुझे शब्द सांगितले, तुझ्याच भाषेत, कारण पुस्तकीत ते बसेनात. जेवन देवनं शे, कडी मन्ही शे.

मी कुणाकडेच बघितलं नाही, एस्तेरकडे तर नाहीच. कुणीतरी मागून बारीक आवाजात आमेन म्हणालं. बाईमाणूस होतं. नंतर पाळकसाहेब दाराशी म्हणाले, "बाई, साक्ष जरा वेगळी झाली." रागावले नव्हते, पण सुखावलेही नव्हते. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुझी माफी मागत होते.

सासरचे आलेच. तुझ्या ओट्यावर सतरंजी टाकली. सामूची आई ताकाला जाऊन भांडं लपवणारी नाही. टेकता टेकताच न्यायचं बोलली, "आम्हू पोरले लेवाले उनूत." सामू खाली मान घालून होता. जिजी, तो रडत होता, आणि ते नाटक नव्हतं. मला तेच सोसेना. त्याला शिव्या द्यायला मी घरून तयारी करून आले होते, आणि समोर रडणारा माणूस. वाटलं, माझं चुकलं तर? हा खरंच सुधारला तर?

काका दादांकडे वळले. "तुम्हीच सांगा पोरले. तुमले ते तिनी माफ करं."

दादा खाटेवरून उठून दाराशी येऊन बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी जेवणापलीकडे चार शब्द बोलले नसेन, आणि चर्चमध्ये तर मी त्यांची लाजच काढली होती. माझा जीव टांगणीला. दादांनी आधी श्वास पुरता केला. मग म्हणाले, "मी त्या दारना भायेर इतला वरीस ऱ्हायनू. एक दिन उपाशी नही ऱ्हायनू." परत थांबले. "आनि दार कधी वाजाडं नही."

सामूच्या आईने तोंड वळवलं.

एस्तेर ताटं घेऊन बाहेर आली. सकाळी चर्चला जायच्या आधीच तिने एकटीने रांधलं होतं, मला हात लावू दिला नाही. उडदाची डाळ, भाकरी, कांदा, आणि तुझ्या माहेरच्या पोत्यातलं आमचूर. सगळ्यांना वाढलं. सामूच्या ताटात डाळ जास्त घातली, त्याला आवडते म्हणे. तो म्हणाला, "चाल ना घर."

"तू जेव."

त्याने खाल्लं. तिने परत वाढलं. तो जेवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, त्याच्याकडे बघत. ती बघत होती त्यात राग नव्हता. मी शोधला, मला सापडला नाही. त्याने हात धुतल्यावर तिने पाणी पुसायला फडकं दिलं आणि म्हणाली, "भूक लागनी ते ये. आठे जेवाले भेटी. मी येस नही."

सासू बडबडत निघाली, काका मागोमाग. सामू कोपऱ्यावर वळेपर्यंत दोनदा थांबला. तो काय विचार करत होता कुणास ठाऊक. परत येईल का, प्यायलेला येईल का, चार माणसं घेऊन येईल का. ह्यांनी मला नेहमीप्रमाणे पराचा कावळा करू नकोस म्हणून सांगितलं. मी करणारच. तू गेलीस म्हणजे काळजीचं खातं आता पूर्ण माझ्याकडे आलंय.

आणि मला अजून हे कळलेलं नाही की मी तुझी गोष्ट नीट सांगितली का. कदाचित तुझ्या कडीचा अर्थ मी लावला तो नव्हताच. कदाचित देवाने तुला ती काढायला सांगितलीही असेल, आणि तू परात उचलून आत गेली असशील. तसं असेल तर तिकडे आता तुमचं दोघांचं बोलणं झालंच असेल. मला काही तो कळवणार नाही.

काल संध्याकाळी जेवणं झाली. एस्तेरने दादांना ताट दिलं, गोळी दिली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मी ते खिडकीतून बघितलं आणि माझ्या स्वयंपाकघरात आले. ओटा पुसून झाला होता तरी पुसत राहिले. ह्यांना टीव्ही बंद करायला सांगितला. नळ घट्ट आवळला.

दार ओढल्याचा आवाज आला. जमिनीला घासलं. कडी बसली नाही. दार जरा वर उचलावं लागतं हे तिला सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी भिंतीला हात लावून उभी. पलीकडे दार परत एकदा घासलं.

मग तिने दार उचललं.